नांदेडपर्यंत उभा केक

लातूर, ९ जानेवारी २०२५

फोन कापायला शिकलास, उचलायला न्हाई शिकलास. परवा मी तीनदा लावला. पहिल्यांदा कापलास, दुसऱ्यांदा कापलास, तिसऱ्यांदा आरतीनं उचलला आणि म्हणली, ते आंघोळीला गेलेत. दुपारी साडेतीनला कोण आंघोळ करतं रे? म्हणून पत्र लिहून राहिले. पत्र कापता येत न्हाई. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

चि. शिवशंकर यास आईचा आशीर्वाद. माझी शाळा तिसरीपर्यंत, अक्षर तुझ्या बापानंबी कवा नीट वाचलं न्हाई, तू वाच.

कामाचं लिहिते. तुझ्या पोरीचा केक जळकोटला पडला. लग्नाचा केक होता, तीन मजली. आपल्या घरात अंडं येत न्हाई, म्हणून वर्षाराणीचा केक बिनअंड्याचा. अंड्याचा केक जरा चिवट असतो म्हणे, हा भुसभुशीत. इथून निघाला तवा नवरीसारखा ताठ होता. जळकोटला डिक्की उघडली तर वरचा मजला मधल्या मजल्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेला. नवरीचा मामा म्हणला, हे काय आणलंय, दहीभात? पोरगी काही बोलली न्हाई. मी बोलले, पण ते इथं लिहीत न्हाई.

रस्ता खराब हाय हे खरं. पण गाडीबी खराब हाय. तीच पांढरी छोटी गाडी, सेकंडहँड घेतलेली. मी कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला पायजे, ही तीनदा मान हलवून मग थांबली. शॉकअप गेलेत हे कळायला मला तुझ्यासारखी गाड्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं घालवावी लागली न्हाईत.

शेजारचा धम्मानंद, ज्याचं गॅरेज आपल्या दुकानाच्या शटरच्या भिंतीला लागून हाय, तो म्हणतो की साधे शॉकअप टाका नाहीतर कॉइलओव्हर टाका. कॉइलओव्हर म्हणजे काय ते त्यानं मला खडूनं फरशीवर काढून दाखवलं. आटे पाडलेली नळी, नळीच्या पोटात शॉकअप, नळीभोवती स्प्रिंग. कडं फिरवलं की गाडी वरखाली होते, टोकाचं बटण फिरवलं की मऊ-कडक होते. मला ते पटलं. पोरीच्या गाडीत सकाळी मैद्याची पोती असतात, दुपारी गाडी रिकामी, संध्याकाळी केक. एकाच मापाची चप्पल तिन्ही पायांना कशी बसंल?

तू याच कामात केस पांढरे केलेस. कोणता सेट घ्यायचा, किती कडक, किती उंच, चार ओळी लिहून पाठव.

तू कशाला रुसलास ते मला माहीत हाय. औसा रोडचं शटर मी पोरीला दिलं. तिथं तुला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान टाकायचं होतं. पोरगी तीनदा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसली, तीनदा मार्क कमी पडले, आणि सहा महिने भिंतीकडं बघत बसली होती. तुला नोकरी होती, तिला भिंत होती. शटर माझ्या नावावर हाय. त्यावर तू बापलेकीचं बोलणंबी तोडलंस, ते तुझं तुझ्याजवळ.

आता घाई कशाची ते सांगते. नांदेडच्या एका मोठ्या मंगल कार्यालयाचा मॅनेजर येऊन केक खाऊन गेला. नऊ मार्चला तिथं रिसेप्शन हाय, चार मजली केक पायजे. तो नीट पोचला तर वर्षभर त्यांचे सगळे केक आपल्याकडं. लातुरात आता गल्लीगल्लीत केकवाले झालेत, नुसत्या लातुरावर शटर उघडं राहत न्हाई. आणि नांदेडचा पडला तर पोरगी हैदराबादला जाणार, कुणाच्या तरी बेकरीत बारा-बारा तास उभी राहायला. तसं तिनं ठरवून ठेवलंय. मला सांगितलं न्हाई, पण ती फोनवर बोलताना मी ऐकलं.

लवकर लिही.

साखराबाई


लातूर, २८ जानेवारी २०२५

उत्तर आलं न्हाई. तुझ्या उत्तरापायी मी गाडी लाकडावर चढवून ठेवणार न्हाई. सेट घेतला. कसा घेतला ते वाच, म्हणजे चुकलं असंल तर मनातल्या मनात तरी हसशील.

मी, वर्षाराणी आणि धम्मानंद असे तिघं गेलो. दुकानात एक पोरगा, कानात बाळी, केस कोंबड्यासारखे उभे. मला बघून वर्षाराणीला म्हणतो, "ताई, आज्जीला खुर्ची देऊ का?"

म्हटलं, "खुर्ची नको, माल दाखव. गाडी माझी हाय."

गाडी माझी न्हाई, पण त्यानं तो सरळ झाला. पहिला सेट काढला, लाल रंगाचा. म्हणतो, "आज्जी, यानं गाडी इतकी खाली बसते की टायर आणि पत्र्यात बोट जाणार न्हाई."

"तिथं बोट घालून काय करायचं असतं?"

"तसं न्हाई, आज्जी. गाडी रोडला चिकटून पळते. पब्लिक वळून बघतं."

"चाकूरच्या पुढं चिकटायला रोड ठेवलाय का कुणी?"

वर्षाराणी तोंडावर ओढणी धरून हसून राहिली. धम्मानंद हसत न्हाई, तुला माहीत हाय, तो बोल्टकडं बघतो.

स्प्रिंगवर आकडा छापलेला होता, आठ. विचारलं, हे आठ कशाचं? पोरगा म्हणला, आठ किलो वजन टाकलं की एक मिलिमीटर दबते. मग कंपनीच्या स्प्रिंगला किती लागतं? म्हणे दोन-अडीच किलो. म्हणजे आठची स्प्रिंग म्हणजे गादी काढून पलंगाच्या पट्ट्यांवर झोपायचं. आमचा केक काय पैलवान हाय का? म्हटलं, यापेक्षा मऊ काढ.

त्यानं आतून एक धूळ बसलेला खोका आणला. पुढच्या स्प्रिंगा चारच्या, मागच्या तीनच्या. या गाडीला मागं स्प्रिंग निराळी आणि शॉकअप निराळा बसतो, तेबी मला तिथंच कळलं. पोरगा म्हणतो, "हा कुणी घेत न्हाई, आज्जी. हा काकालोकांचा सेट हाय."

"आम्ही काकालोकच हाव. बांध."

बांधू दिला न्हाई धम्मानंदनं. त्यानं आधी खोका उघडून पुढच्या नळीची खालची बैठक फिरवून बघितली. मला म्हणला, "आज्जी, स्वस्त सेटात गाडी वर घ्यायची तर स्प्रिंगच दाबावी लागते, मग ती अजून टणक होते. यात खालची बैठक निराळी फिरते. उंची वाढली तरी स्प्रिंगला धक्का न्हाई." मग आतलं तेल, रबर इथं मिळतं का ते विचारलं. मग बटणाचे खटके मोजले. चोवीस. मोजताना डोळे मिटून मोजले त्यानं. माणूस बोलत न्हाई, पण काम देवळातल्यासारखं करतो.

तर असा सेट घेतला. तुला न विचारता. आता सांग काय चुकलं.

साखराबाई


लातूर, १४ फेब्रुवारी २०२५

चुकलं काहीच न्हाई. म्हणूनच तू गप्प हायस, मला माहीत हाय.

मंगळवारी सेट बसवला. मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. धम्मानंदनं मागचे बोल्ट गाडी टांगलेली असताना नुसते हातानं लावले आणि गाडी जमिनीवर उतरवून मग आवळले. मी विचारलं, वर असतानाच का न्हाई? म्हणला, "टांगलेल्या पायात घट्ट पट्टी बांधली तर पाय मुडपताना ओढतंय का न्हाई? तसं रबर ओढतं." ते मला लगेच कळलं. तुमच्या कारखान्यात असं सांगणारा कुणी हाय का?

उंची कंपनीच्या मापापेक्षा बोटभर वर ठेवली. चाकाच्या मधोमधपासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावून चारी बाजू मोजल्या. मग चाकं सरळ करून घेतली. राहिले खटके. धम्मानंद म्हणला, बारावर ठेवू, मधोमध. मी म्हटलं, असं अंदाजानं न्हाई, मोजून.

मोजायचं कसं ते मी काढलं. परात घेतली, ती मोठी पितळेची, काठोकाठ पाणी भरलं, आणि मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले. वर्षाराणीला म्हटलं, चाकूरपर्यंत चल, रोज चालवतेस तशी. बारा खटक्यांवर चाकूर येईस्तोवर माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. परत येताना अठरावर केलं, अर्ध्यानं कमी सांडलं. दुसऱ्या दिवशी एकदम शेवटाला, चोवीसला, सगळ्यात मऊ. चाकूरला उतरून बघितलं तर वाटीभर पाणी गेलं असंल नसंल. ब्रेकरवरनं गाडी अशी गेली जशी लोण्यातनं सुरी.

धम्मानंद म्हणला, "आज्जी, एकदम शेवटाला नको. गाडी तरंगते."

म्हटलं, "तरंगू दे. दगडासारखी आपटण्यापेक्षा बरी."

वर्षाराणी म्हणली, "आज्जी, बोटीत बसल्यासारखं वाटून राहिलंय."

म्हटलं, तू बोटीत कवा बसलीस?

तेव्हा चारी बाजू चोवीसवर. एकवीस तारखेला लोह्याचा केक हाय, तीन मजली. तो नांदेडच्या आधीची परीक्षा समजायची. पोरगी लई खुशीत हाय. तुझं उत्तर आलं न्हाई तरी आता चालतंय.

साखराबाई


लातूर, २४ फेब्रुवारी २०२५

लोह्याचा केक पडला.

आता पुढचं नीट वाच. एका ओळीवरनं दुसऱ्या ओळीवर उडी मारायची तुझी खोड हाय.

लोह्यात शिरताना एक वळण हाय, त्याच्या अलीकडं दोन ब्रेकर लागोपाठ. पहिल्या ब्रेकरवर गाडी छान उचलली, छान बसली. पण बसून थांबली न्हाई. परत उठली, परत बसली, आणि त्या झोक्यातच दुसरा ब्रेकर आला आणि लगेच वळण. मागनं पुठ्ठ्यावर काहीतरी ओलं पडल्याचा आवाज आला. पोरीनं गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. डिक्की उघडायला मीच उतरले.

लग्नघरी पोरीनं हात जोडले. म्हणली, माझ्याकडनं आतल्या काड्या आखूड पडल्या. प्रत्येक मजल्याच्या पोटात ती आधाराला काड्या घालते, त्या. नवरदेवाची बहीण लई बोलली. पोरगी ऐकून घेत उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मी गप्प बसले. मी कवा गप्प बसते का? तूच सांग.

कारण काड्या आखूड नव्हत्या. मी मागनं मोजल्या, बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मानंदनं मला काही विचारलं न्हाई. आपली परात उचलली, नळाखाली काठोकाठ भरली आणि डिक्कीत ठेवली. माझ्या मांडीवर न्हाई, डिक्कीत. गाडी काढून रिंग रोडपर्यंत एक चक्कर मारून आला. रिकामी परात माझ्या हातात दिली आणि चहा प्यायला गेला.

मला कळलं. मांडीवर पाणी सांडत न्हाई, कारण मांडी हलते. साठ वर्षं पोरं, टोपल्या, घागरी सांभाळलेली मांडी हाय ही, तिला सांगावं लागत न्हाई. मी गाडीचा मऊपणा मोजतच नव्हते, माझा मोजत होते. आणि वर्षाराणीचा केक काही माझ्या मांडीवर बसून जात न्हाई, तो डिक्कीत एकटा उभा असतो. पाणी आडवं, केक उभा, हेबी मला सुचलं न्हाई. धम्मानंदनं सांगितलं होतं तरंगते म्हणून. पोरीनं सांगितलं होतं बोटीसारखी वाटते म्हणून.

पोरीला मी हे सांगितलेलं न्हाई. तिला अजून वाटतंय काड्या चुकल्या. शटर अर्धं खाली ओढून आत बसते. काल हैदराबादवाल्यांनी तिला विचारलं, कवा येतेस, आणि ती म्हणली, नऊ मार्च झाल्यावर सांगते. तुला हे लिहिते, कारण तू कुणाशी बोलत न्हाईस, तुझ्याकडनं बाहेर जायची भीती न्हाई.

आता कामाचं. स्प्रिंग पुढं चारची, मागं तीनची. खटके चारी बाजूंना कडक टोकापासून चोवीस. उंची कंपनीपेक्षा बोटभर वर, चारी बाजूंना सारखी. टायरात हवा तेहतीस. नांदेडचा केक पुठ्ठा-पाटासकट बावीस किलोचा होईल. पोरगी चालवणार, ती पन्नास किलोची. मी मागं डावीकडं बसते. आणखी काही पायजे असंल तर विचार. त्यासाठी तुला तोंड उघडावं लागंल, त्याला माझा इलाज न्हाई.

नऊ तारखेला तेरा दिवस हायत.

साखराबाई


लातूर, ५ मार्च २०२५

तुझा कागद मिळाला. त्याला मी पत्र म्हणणार न्हाई. ना तारीख, ना नमस्कार, अक्षर आरतीचं. तू सांगितलंस आणि तिनं लिहिलं, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झाले न्हाई. पाच ओळी. पुढं चौदा. मागं नऊ. हवा अठ्ठावीस. केक डिक्कीत ठेवू नये, मागची सीट पाडून दोन चाकांच्या मधोमध सपाट पाटावर ठेवावा. आईला पुढं बसवावं, पुढची डावी बाजू चार मिलिमीटर वर घ्यावी, आईचं वजन पासष्ट धरलंय.

आकड्यांमध्ये दोनदा आई आली. तेवढं मी बघितलं.

मागं नऊ वाचून मी धम्मानंदवर ओरडले. मऊ केकाला अजून कडक करायचं? तो पाना पुसत म्हणला, "आज्जी, धक्का खायचं काम स्प्रिंगचं. ती मऊच हाय, ती खाते. बटण धक्का खात न्हाई, बटण स्प्रिंगला आवरतं. चोवीसवर आवरणारं कुणीच नव्हतं, म्हणून ती नाचत राहिली."

"हे तू आधी का न्हाई बोललास?"

"बोललो होतो."

"मोठ्यानं का न्हाई बोललास?"

त्यावर तो पाना घेऊन गाडीखाली गेला.

या वेळी परात न्हाई. बाजारातनं मातीची तीन मडकी आणली, मोठं, मधलं, लहान, आणि त्यांची उतरंड रचली. खालच्यात गहू, मधल्यात ज्वारी, वरच्यात दही. मधे कापडाची चुंबळ घातली न्हाई, कारण केकाला चुंबळ नसते. सीट पाडली, तू सांगितलंस तिथं पाट ठेवला, पाटाखाली ती जाळीची रबरी चटई. मी पुढं बसले. अहमदपूरपर्यंत जाऊन आलो. ब्रेकरवर गाडी एकदा बसते, एकदा उठते आणि थांबते. पहिल्यापेक्षा धक्का जरा कळतो, पण एकदाच कळतो. दह्याचा काठसुद्धा मोडला न्हाई.

पण उतरंड सरकत होती. जरा जरा, प्रत्येक किलोमीटरला केसभर, उजवीकडं. धम्मानंदनं टेप लावला, पाणपातळी लावली. पुढची डावी बाजू उंच बसून राहिली होती. तो म्हणला, कागदात चूक असणार न्हाई, साहेब एवढी वर्षं त्याच कामात हायत. मग मला गॅरेजच्या मागच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं.

मी अठ्ठेचाळीस भरले.

तेव्हा तुझं गणित बरोबर हाय, तुझं वजन जुनं हाय. तीन वर्षांत माणूस तेवढं उतरतं. ते चार मिलिमीटर काढून टाकले, दोन्ही बाजू सारख्या केल्या, परत अहमदपूर. उतरंड जागची हलली न्हाई. दही आल्यावर कढीला वापरलं.

शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. ते तुझ्या कागदावर नव्हतं, धम्मानंदला माहीत होतं.

साखराबाई


लातूर, १० मार्च २०२५

काल नांदेडला जाऊन आलो.

सकाळी सातला निघालो, ऊन चढायच्या आत. चार मजले, पांढरा केक, वरच्या मजल्यावर साखरेची शेवंती. चाकूर गेलं, शिरूर गेलं, अहमदपूर गेलं. माळेगावला वर्षाराणी म्हणली, आज्जी, मागं बघ ना. म्हटलं, तू पुढं बघ. मी बघितलं न्हाई. मी बघून तो काही जास्त उभा राहणार नव्हता.

लोह्याचं ते वळण आलं. पहिला ब्रेकर, दुसरा ब्रेकर, वळण. गाडी प्रत्येक वेळी एकदाच बसली. मागनं आवाज न्हाई.

लोहा मागं पडल्यावर मी तिला सांगितलं. काड्या आखूड नव्हत्या, मी मोजल्यात. खटके मी मांडीवरच्या परातीवरनं शेवटाला लावायला लावले, धम्मानंद नको म्हणत होता, तूबी नको म्हणत होतीस. आधी सांगितलं असतं तर लोह्यातच गाडी उभी केली असती तिनं, म्हणून थांबले होते.

एक ट्रक पुढं गेला, एक एसटी पुढं गेली. मग म्हणली, "दोन आठवडे झाले आज्जी, मी रोज काड्या कापून परत मोजून राहिले."



अजून दोन-तीन किलोमीटर गेल्यावर म्हणली, "पुढच्या वेळी परात डिक्कीत ठेवायची, आणि तुला परातीत."

म्हटलं, "अठ्ठेचाळीस किलो हाय मी. आकडा लावून घे धम्मानंदकडनं."

तवा कुठं ती हसली. आणि हसत असतानाच उजव्या बाजूच्या पेट्रोल पंपातनं एक जीप न बघता आडवी आली. पोरीनं पाय दाबला. माझं कपाळ पुढच्या पत्र्याला लागता लागता राहिलं. गाडीनं नाक खाली घातलं, परत उचललं आणि थांबली. जीपवाला हात दाखवून गेला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मागं उतरून बघायचं धाडस तिलाबी न्हाई आणि मलाबी न्हाई. शेवटी ती म्हणली, "आता जे असंल ते तिथंच बघू," आणि गाडी काढली. नांदेड येईपर्यंत रेडिओबी लावला न्हाई.

कार्यालयात मॅनेजर दारातच उभा होता. त्यानंच मागचं दार उघडलं. मी तोंड फिरवून गुलमोहराकडं बघत होते. तो वाकून आत बघत राहिला. मग म्हणला, "ताई, हा लातूरहून आला का इथंच बनवला?"

चारी मजले उभे. तिसऱ्या मजल्याला एक चीर होती, केसासारखी. पोरीनं तिथं शेवंतीचं एक फूल खाली आणून लावलं, कुणाला कळलं न्हाई. मॅनेजरनं वही काढून एप्रिल आणि मे महिन्यातल्या पाच तारखा दिल्या. पोरगी बाहेर येऊन हैदराबादला फोन लावून म्हणली, माझी वाट बघू नका. माझ्यासमोर म्हणली, मुद्दाम मोठ्यानं.

आता शटरचं लिहिते आणि संपवते.

शटर मी तिला दिलं ते बरोबर दिलं. आज परत द्यायचं झालं तर परत तिलाच देईन. पण त्याआधी मी तुझ्या बापाच्या फोटोपुढं तुला शब्द दिला होता, ते खरं हाय. आणि तू सुट्टी काढून, अलाइनमेंटचं मशीन बघून, पेढे घेऊन आलास, तवा शटरवर वर्षाराणीच्या नावाचा बोर्ड लागलेला होता. तुला ते समोरच्या चहावाल्यानं सांगितलं. आठ दिवस आधी ठरलं होतं. मी तुला फोन करायला पायजे होता. केला न्हाई, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. पोरीला वाटत होतं मी तुला सांगितलंय. तिचा त्यात काही दोष न्हाई, तो माझा हाय. तीन वर्षं तू तो तिच्या नावावर लिहून ठेवलास आणि मी ठेवू दिला.

धम्मानंदच्या गॅरेजच्या मागं मोकळी जागा हाय. तो म्हणतो अलाइनमेंटचं मशीन तिथं मावतं. त्याला सेट बसवता येतात, आकडे काढायला माणूस पायजे, लातुरात तसा कुणी न्हाई. मी फक्त कळवते. ते तुम्ही दोघं बघा.

या कागदाच्या मागच्या बाजूला वर्षाराणीनं लिहिलंय. मी वाचलं न्हाई असं तिला वाटतंय. ती विचारते की मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस ऊन झालं की शॉकअपातलं तेल पातळ होतं का, आणि मग खटके किती कमी करायचे, दुपारचे निराळे आणि संध्याकाळचे निराळे का. प्रश्न मला चांगला वाटला. खाली तिनं अजून दोन ओळी लिहिल्यात, त्यात खटक्यांचं काही न्हाई. त्या तू वाच.

मला उत्तर नको, मला वाचायला चष्मा शोधावा लागतो. उत्तर तिला द्यायचं, सगळ्या ओळींचं. आणि ते तू लिहायचं, शिवशंकर, तुझ्या हातानं. आरतीनं पेन धरायचा न्हाई.

साखराबाई